पाहुण्याचा मुक्काम

दादासो दारात आला तेव्हा मंगलनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि मनाशी म्हणाली, चला, आठ दिवस. बावीस वर्षांच्या संसारात दादासो आठ दिवसांच्या वर कधी राहिला नव्हता. जत्रेला आठ, दिवाळीला आठ, आणि मध्येच भावकीत कुणाचं लग्न नाहीतर मयत निघालं तर एखादी रात्र. या खेपेला मात्र त्याच्या हातावर सरकारी शिक्का होता. केरळातून पास काढून, दोन राज्यं ओलांडून आलेला माणूस. चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही, असा त्या शिक्क्याचा अर्थ.

विट्याच्या पूर्वेचा हा माळ. इथं पाऊस मनात आलं तर पडतो, म्हणून इथले बाप्ये सोनं गाळायला देशभर पांगलेले. सराफाकडचं मोडीचं सोनं भट्टीत वितळवायचं, ॲसिडनं साफ करायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, याला म्हणतात गलाई. दादासोचं दुकान त्रिचूरला. पोरगा रविराज मिसरूड फुटल्याबरोबर त्याच्या हाताखाली गेला, आणि टाळेबंदीत दुकानाची राखण करायला तो तिथंच राहिला.

गलाईवाल्याच्या घरात एक रीत असते. मालक आला की त्याला पाहुण्यासारखं ठेवायचं. वर्षभर ॲसिडच्या वाफा खाऊन आलेला माणूस, त्याला इथं पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही. सकाळी अंडी, दुपारी मटण, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. पंख्याखालची कॉट त्याची, रिमोट त्याचा, शब्द त्याचा. बायकोनं तेवढे दिवस आपलं सगळं गुंडाळून माळ्यावर टाकायचं आणि त्याच्या पुढ्यात उभं राहायचं. रीत वाईट नाही, कारण तिला शेवट आहे. बॅग भरली, गाडी गेली, की घर पुन्हा आपलं. पण पाहुणा गेलाच नाही तर पाहुणचार कुणी थांबवायचा, हे कुणीच ठरवून ठेवलेलं नव्हतं. मंगलनंही ते ठरवलं नाही. चौदा दिवस झाले, शिक्का पुसट झाला, आणि ही बाई सकाळी उठून अंडी उकडतच राहिली. तिचं चुकलं ते इथं.

आता तिचं गुंडाळून ठेवलेलं 'आपलं सगळं' काय होतं तेही सांगितलं पाहिजे. लोक म्हणायचे, नवरा लांब, पोरगा लांब, बिचारी. बिचारी कसली डोंबलाची! पहाटे उठून चार बायकांबरोबर टेकडीवरच्या देवळापर्यंत चालत जायचं, वाटेत सगळ्या गावाची धुणी धुवायची. घरी येऊन सासूला, रंगुबाईला, चहा द्यायचा आणि स्कूटीला किक मारून तीन एकर डाळिंबाच्या बागेत जायचं. छाटणी कधी, फवारणी कसली, व्यापारी कोणता, सगळं मंगल ठरवायची. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागायचा. सत्तेचाळीस वर्षांची बाई, औषधाची गोळी म्हणून घरात नव्हती.

हे सगळं दादासोनं महिन्याभरात उलथंपालथं केलं. तो काही राक्षस नव्हता. बावीस वर्षं सकाळी सहाला भट्टीपुढं उभं राहिलेला माणूस, त्याच्या हाताला एकाएकी काम उरलं नाही. मग तो नऊला उठू लागला. उठला की टीव्ही, आणि टीव्हीवर मेलेल्यांचे आकडे. ते आकडे तो जेवताना मोठ्यानं वाचून दाखवायचा. दुपारी ढाराढूर झोपायचा आणि रात्री झोप नाही म्हणून घरभर दिवे लावत फिरायचा. चहा दे. पाणी दे. पंखा का आवाज करतोय. ही बरणी हितं का ठेवलीस. कधी कधी अपरात्री मंगलच्या नाकापुढं बोट धरून श्वास चालू आहे का बघायचा, आणि तिला जाग आली की तिच्यावरच डाफरायचा. माणूस घाबरलेला होता, हे तिला कळत होतं. पण कळतंय म्हणून झोप लागत नसते.

पहिलं गेलं ते पहाटेचं चालणं.

"बाहीर करोना मोकाट सुटलाय आन तू टेकडी चढाय निघालीस?" दाराला कडी घालत दादासो म्हणाला.

"आवं, आमी पाचजणीच आसतो. टेकडीवर चिटपाखरू नसतं. तोंडाला बांधून जाते."

"लोक काय म्हणतील? दादासोची बायकू पहाटंची हुंदडती म्हणतील. माणूस घरात हाय आता. ध्यानात ठेव."

स्वयंपाकघरातून रंगुबाईनं री ओढली, "बराबर हाय त्याचं. माजं लेकरू कवा न्हवं ते घरात ऱ्हायलंय, आन हिला बाहीरचं याड."

मग स्कूटीची किल्ली त्याच्या खिशात गेली. पोलीस मारतात, तू जाऊ नको, मी जातो. बाहेरची सगळी कामं आता माझी, असं त्यानं ऐटीत जाहीर केलं. मंगलनं ऐकून घेतलं, कारण पाहुण्याशी वाद घालायचा नसतो. आणि इथंच आयत्या बिळावर नागोबा बसला.

वैशाखात डाळिंबाला ताण देतात. म्हणजे पाणी तोडतात. दीड महिना झाड तहानेलं ठेवायचं, पान पिवळं पडून गळू द्यायचं. झाडाला वाटलं पाहिजे की आता आपण मरतो. मग छाटणी करून पाणी सोडलं की ते जिवाच्या आकांतानं फुलतं, आणि त्या फुलाचं फळ धरायचं. मंगलनं एप्रिलात पाणी तोडलं होतं. मे महिन्याच्या अखेरीला ती छाटणी धरणार होती.

दादासो बागेत गेला आणि त्यानं बघितली वाळत चाललेली झाडं. खाली पिवळ्या पानांचा सडा. त्याला वाटलं, बायकोला घरात बसवल्यापासून बाग मरायला लागली, आणि वाचवणारे आपणच. त्यानं मोटर चालू केली. ठिबकनं चार-पाच दिवस झाडांना पोटभर पाणी पाजलं. घरी येऊन एका अक्षरानं बोलला नाही. बायकोला चकित करायचं होतं त्याला.

मंगल चकित झाली. शेजारच्या रानातली बाई बोलली म्हणून ती तरातरा चालत बागेत गेली. झाडं हिरवीगार, कोवळ्या पालवीनं डवरलेली. फुलाचा पत्ता नाही. ताण अर्ध्यात मोडला की झाड नुसती पालवी काढतं, कळी धरत नाही. तो बहर गेला. वर्षाची मेहनत गेली. ती बांधावर खाली बसली आणि तिला रडूसुद्धा आलं नाही, इतका राग आला.

"मला इचारायचं तरी हुतं," घरी आल्यावर ती म्हणाली.

"झाडं मरत हुती. मी पाणी पाजलं. वर तूच मला बोल!"

"मरत न्हवती. मी ताण दिला हुता."

"ताण, ताण! बाईच्या हातात बाग दिली की आसंच हुतंय. उद्यापास्नं मी बघतो बागंचं."

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस एक वेळ परवडतो, निदान लांब असतो. हा शेळ्यांत उतरला होता. त्या दिवसापासून मंगलचं तोंड बंद झालं ते झालंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रात्री ती छताकडं बघत पडायची. छातीत धडधडायचं. भाजी करपायची, हातातली भांडी आदळायची. रंगुबाई म्हणायची, "तोंडाला काय झालंय तुज्या? नवरा घरात आसून आसं सुतक्यावानी काय बसतीस?" मंगल मनातल्या मनात दोघांनाही नको नको ते बोलायची, आणि मग आपणच आपल्याला वाईट ठरवून पुन्हा जागी राहायची.

गावची आशा सेविका पल्लवी घरोघरी तपासत फिरायची. तिनं मंगलच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून भुवया चढवल्या.

"काकी, बीपी लय वाढलंय. झोप लागती का?"

"न्हाई."

"टेकडीवर जाता का अजून?"

मंगलनं कॉटकडं बघितलं. दादासो टीव्ही बघत होता. "न्हाई," ती म्हणाली. पल्लवी शहाणी पोर, पुढं काही विचारलं नाही. गोळ्या देऊन गेली.

एरवी माहेर होतं. खंडाळ्याला, तिकडं साताऱ्याच्या पार टोकाला. भाऊ मानसिंग शिरवळच्या कंपनीत कामाला, मनानं चांगला. पण जिल्ह्याच्या हद्दी बंद, पास फक्त मयताला नाहीतर दवाखान्याला. नवरा घरात आहे म्हणून जीव गुदमरतोय, या कारणाला कोण पास देणार? त्यातनं मानसिंगला कळवलं तर तो हसला. "ताई, लोकांचं नवरं अडकून पडल्यात म्हणून बायका रडत्यात. तुजं उलटंच," म्हणाला.

श्रावण संपता संपता दादासोनं गोठ्यात पत्त्यांचा डाव बसवला. देवळापाशी पोलीस येतात, इथं कोण येतंय? संध्याकाळी पाचसहा गलाईवाले जमायचे, सगळे असेच घरी येऊन तुंबलेले. बाटली यायची. मंगलनं आत-बाहेर करून चकणा पुरवायचा. त्यातला एक खोकत होता. आठवड्यात दादासोला ताप आला, दोन दिवसांत उतरला. तपासणीला तो गेला नाही. गावात बदनामी होईल म्हणाला.

मग मंगलला ताप भरला. पल्लवी आली तेव्हा ती स्वतःच उठून म्हणाली, "माजी तपासणी करा." निकाल आला. ॲम्ब्युलन्स दारात उभी राहिली तशी शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. रंगुबाईची तपासणी नीट निघाली, एवढं एक बरं झालं.

"कशाला तपासाय गेलीस?" दादासो ओट्यावरून ओरडला. "आता घराला पट्टी लागली. तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई."

मंगल पिशवी उचलून गाडीत बसली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

कोविड सेंटर विट्यात होतं, पोरींच्या एका वसतिगृहात. खोलीत चार कॉट, खिडकीजवळची मंगलला मिळाली. बाकीच्या बायका रडत होत्या, घराची आठवण काढत होत्या. मंगल जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. जेवण डब्यात आलं होतं. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं, दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवलेलं. जेवली आणि पुन्हा झोपली. डॉक्टरणीला काळजी वाटली, तिनं बोटाला यंत्र लावून बघितलं. सगळं ठीक होतं. ताप गेला, बीपी उतरलं. चवीनं मात्र काही दिवस दगा दिला, पण चवीचं काय घेऊन बसलात? तिचं नाव घेऊन कुणी हाक मारत नव्हतं. सकाळी ती अंगणातल्या भिंतीकडेनं चकरा मारायची. एका चकरेत तिच्या ध्यानात आलं की आपण आजारी होतो त्या घरात, इथं नाही. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

दादासो दर दोन दिवसांनी, घराची पट्टी चुकवून, गाडी घेऊन फाटकाशी यायचा. मध्ये गजांचं कुंपण, दहा फुटांवर मंगल. पहिल्या वेळी त्यानं विचारलं मिठाची बरणी कुठं ठेवलीस. दुसऱ्या वेळी गॅसचा नंबर. तब्येतीचंही विचारायचा, पण ते मिठानंतर. दाढी वाढली होती, गालफडं बसली होती.

सुटायच्या आदल्या दिवशी तो आला तो जरा खुलून आला.

"मी ठरीवलंय," गजांना धरून तो म्हणाला. "दुकान रविराज बघंल. आता मी कायमचा हितंच. आईला सांगितलं, लय खूश झाली."

कायमचा. म्हणजे टेकडी नाही, बाग नाही, रात्री छताकडं बघत पडणं आहे, मरेपर्यंत. आता गप्प बसलो तर संपलो, हे तिला स्वच्छ दिसलं.

"मला इचारलं न्हाई," ती म्हणाली.

"त्यात काय इचारायचं? नवरा घरात ऱ्हातो म्हणल्यावर कुठली बायकू न्हाई म्हणती?"

"मी म्हणते."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा तो लाल झाला. "माज आलाय तुला. बावीस वर्सं मी कुणासाठी ॲसिड हुंगलं?"

"आमच्यासाठी. त्यात खोटं न्हाई, आन मी ते इसरणार न्हाई. पर बावीस वर्सं मी बी हितं एकटीनं हाकलंय. मला त्याचीच सवय झालीया. तुमी आल्यापास्नं माजा डोळ्याला डोळा न्हाई. माजी बाग गेली. त्या घरात मी मरंन, आन करोनानं न्हाई, तुमच्यानं मरंन."

"हळू बोल. लोक ऐकत्यात."

"ऐकू द्यात."

खरंच ऐकत होते. फाटकावरचा होमगार्ड दुसरीकडं बघत होता. मग दादासो बोलला ते इतकं हळू की मंगलला दोन पावलं पुढं यावं लागलं.

"तितं दुकानाच्या माळ्यावर झोपतो मी. बावीस वर्सं. रविराज म्हणतो, बाबा, तुमी आता घरीच ऱ्हावा, मी करतो माज्या पद्धतीनं. त्याला बी मी नको हाय, मंगल. आन हितं तू आसं म्हणतीस. मग मी जायाचं कुठं?"

तिला त्याची दया आली. तिला दिसलं की हा माणूस दोन्ही घरांत पाहुणा आहे, आणि यात त्याचा दोष निम्मासुद्धा नाही. 'चला, जाऊ घरी' एवढं म्हटलं असतं तर तो लहान पोरासारखा रडला असता आणि सगळं मिटलं असतं. उद्या सकाळी तिनं अंडी उकडली असती.

"त्रिचूरला," मंगल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मंगल घरी आली. त्यानंतर दादासो घरात फक्त बॅग भरण्यापुरता वावरला. रस्ते मोकळे झाले होते. मंगलनं सगळं रीतीप्रमाणं केलं. वाटेसाठी दशम्या बांधल्या, तळहातावर दही घातलं. त्यानं दही चाटलं, तिच्याकडं न बघता आईच्या पाया पडला आणि गाडी काढली. स्कूटीची किल्ली भिंतीतल्या दिवळीत ठेवलेली तिला नंतर सापडली.

गाडी वळणाआड गेली तशी रंगुबाईनं भर गल्लीत तोंड सोडलं. "माज्या लेकाला त्याच्याच घरातनं हाकलून दिलंस. बाई न्हाईस तू, कैदाशीण हायस." दारादारांतून माणसं बघत होती. मंगलनं आत जाऊन भाकरी थापली आणि ताट सासूपुढं ठेवलं. रंगुबाईनं ते सरकवून दिलं. मंगलनं ते झाकून ठेवलं आणि आपलं ताट वाढून घेतलं. भूक लागली होती तिला.

गावानं मग काय बोलायचं ते बोलून घेतलं. दुसऱ्या पहाटे ती टेकडीच्या वाटेला लागली तेव्हा चार बायकांपैकी दोघीच आल्या होत्या. बाकीच्या दोघींच्या नवऱ्यांनी, हे दोघे पत्त्यांच्या डावातलेच, तिच्याबरोबर जायला मनाई केली होती. मंगलला धाप लागली, मध्ये दोनदा बसावं लागलं, पण ती वरपर्यंत गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बागेत होती. हस्ताचा, म्हणजे पावसाळा सरतानाचा, बहर धरायचा तर पाणी तोडायचे दिवस टळून चालले होते, म्हणून ती झाडं चाचपत होती. फोन वाजला.

"पोचलो," दादासो म्हणाला.

"बरं झालं. जेवला का?"

"व्हय. रविराजनं भात केला हुता." मागं भट्टीचा फुरफुर आवाज येत होता. तो जरा थांबला. "बाग कशी हाय?"

ती सांगायला लागली. कुठल्या ओळीत फांद्या दाटल्यात, आता पाणी तोडलं तर किती साधेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. घरात होता तोवर त्यानं इतकं कधी ऐकलं नव्हतं, आणि आता तो ऐकतोय याचाच तिला नव्यानं राग आला.

"मंगल," शेवटी तो म्हणाला. "खरं सांग. तुला करमतंय का गं?"

काय बोलावं हे तिला ठाऊक होतं. घर खायला उठतंय, तुमची आठवण येते, असं बाई म्हणते. गलाईवाल्यांच्या सगळ्या बायका तेच म्हणतात, आणि त्या आधारावर तिकडची माणसं वर्ष ढकलतात. त्यालाही आज तेवढंच पाहिजे होतं.

"करमतंय," ती म्हणाली.

पलीकडं भट्टी फुरफुरत राहिली. "बरं," दादासो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मंगलनं डोळे पुसले, मोटरपाशी गेली आणि बागेचं पाणी तोडलं.